‘माय स्टुडंट्स’मधली मी : युनिस डिसूझांची कविता आणि इंग्रजीचा वर्ग

मागच्या जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीनं घरात जाहीर केलं की बारावीनंतर तिला इंग्रजी साहित्यात बीए करायचंय, आणि तेही बंगळुरूच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात. घरात एकाच वेळी दोन भीती उभ्या राहिल्या. आत्या म्हणाली, “तिथं बाटवतील.” पप्पा म्हणाले, “बाटवू देत, पण प्लेसमेंट आहे का?” आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशननं एकोणिसाव्या शतकात इथं शाळा काढल्या आणि आमच्या घरातल्या दोन पिढ्या अशाच शाळांतून मॅट्रिक झाल्या. आत्याही त्यातलीच. तिला अजून प्रभूची प्रार्थना मराठीत पाठ आहे आणि ती दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते.

बहिणीनं माझ्याकडे बघितलं, कारण मी मोठी आणि कमावती. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. बारावीला मलाही इंग्रजीच करायचं होतं, पण मार्क जास्त पडले, हाच त्यातला अडथळा ठरला. इतके मार्क घेऊन आर्ट्सला कोण जातं? त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता बहिणीसाठी तरी ते शोधावं म्हणून मी वाचायला बसले. हा लेख त्या वाचनाचा आहे. तो मुख्यतः युनिस डिसूझा या कवयित्रीबद्दल आहे, कारण ख्रिस्ती संस्थेत इंग्रजी शिकणं आणि पुढे तेच शिकवणं माणसाचं काय करतं, याचं मला सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तिच्या कवितांत आहे. ते दिलासा देणारं उत्तर नाही.

आधी मी जिथून सुरुवात केली ते सांगते. गौरी विश्वनाथन यांचं ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ हे पुस्तक 1989 सालचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ‘इंग्रजी साहित्य’ हा शिकवण्याचा विषय म्हणून आधी आकाराला आला तो हिंदुस्थानातल्या वर्गांत. इंग्लंडच्या विद्यापीठांत त्याला तसं स्थान नंतर मिळालं. कंपनी सरकारनं धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरवलेलं असल्यामुळे सरकारी शाळेत बायबल शिकवता येईना. मिशनऱ्यांना ते मान्य नव्हतं. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी 1830 मध्ये आणि मुंबईत जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये शाळा काढल्या, त्या इंग्रजी आणि धर्मशिक्षण एकत्र देण्यासाठीच. सरकारला मात्र रयतेला नीती तर शिकवायची होती आणि धर्म शिकवतोय असं दिसूही द्यायचं नव्हतं. ही अडचण साहित्यानं सोडवली. जे काम बायबलनं करायचं ते शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याकडून करून घेतलं गेलं. 1835 सालचं मेकॉलेचं टिपण आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. त्याच्या मागे हा इतका गुंता होता, हे मला या पुस्तकामुळे कळलं.

हे वाचून मी बहिणीला फोन करून सांगितलं की तुझी डिग्री म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची एक सरकारी तडजोड आहे. ती म्हणाली, “ताई, तुझी डिग्री म्हणजे काय मग?” प्रश्न रास्त होता. विश्वनाथन यांचा रोख अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांवर आहे. तो अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलीच्या डोक्यात काय होतं, हे त्या पुस्तकाचं मुख्य काम नाही. त्यासाठी कविता वाचाव्या लागल्या.

युनिस डिसूझा यांचा जन्म 1940 मध्ये पुण्यात, गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्या तीन वर्षांच्या असताना वडील वारले. इंग्रजी साहित्यातलं एमए त्यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी इथल्या मार्केट विद्यापीठातून केलं. हे विद्यापीठ जेझुइटांचं. सतराव्या शतकातल्या जाक मार्केट या जेझुइट मिशनऱ्याचं नाव त्याला दिलेलं आहे. पुढे मुंबई विद्यापीठातून पीएचडी, आणि मग निवृत्तीपर्यंत मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजीचं अध्यापन. तेही जेझुइटांचंच, 1869 सालचं. म्हणजे ज्या प्रकारच्या संस्थेत बहिणीला जायचंय, तशा संस्थांत या बाईंच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. 2017 मध्ये त्या वारल्या. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी 1992 मध्ये बारा आधुनिक भारतीय इंग्रजी कवींचं जे संकलन केलं, त्यात त्या एकट्याच स्त्री आहेत.

‘फिक्स’ हा त्यांचा पहिला संग्रह 1979 चा. त्यातली ‘कॅथलिक मदर’ ही कविता आधी बघू. एक सद्‌गृहस्थ आहेत. सात वर्षांत सात मुलं. ते स्वतःच्या कुटुंबाबद्दल, देवाच्या कृपेबद्दल आणि देशाच्या अवस्थेबद्दल बोलतात. पाद्री त्यांचं कौतुक करतात, मदर सुपीरियर कौतुक करतात. शेवटी कळतं की या सगळ्यात बायको काहीच बोललेली नाही. कविता तिथंच संपते. कवयित्री स्वतःचं मत म्हणून एक विशेषणही खर्च करत नाही. ‘फीडिंग द पूअर ॲट ख्रिसमस’मध्ये तर तेवढंही नाही. नाताळात गरिबांना जेवण वाढणाऱ्या बाईचं बोलणं आहे फक्त. रांगेत राहा, पुन्हा येऊ नका, आभार माना, आमच्यासाठी जपमाळ ओढा. असं बोलणं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भंडाऱ्याच्या पंगतीत वाढणाऱ्याच्या तोंडी ते मी नगरमध्येही ऐकलेलं आहे.

या कवितांबद्दल नेहमी म्हटलं जातं की त्या चर्चविरुद्धचं बंड आहेत. मला हे अर्धंच पटतं. बंड आहे, पण ते कशानं केलंय ते बघायला हवं. या कवितांतली जवळजवळ सगळी वाक्यं चर्चच्या आवारातली, कॉन्व्हेंटमधली, पॅरिशच्या सभेतली आहेत. कवयित्रीनं ती फक्त ऐकली, निवडली आणि एकापुढे एक ठेवली. ‘स्वीट सिक्स्टीन’मध्ये अंतर्वस्त्राचं नाव उच्चारणाऱ्या मुलीवर ओरडणारी नन आहे, बिनबाह्यांच्या फ्रॉकला कागदाच्या बाह्या टाचणं आहे, आणि शेवटी नाचताना दिवस जाऊ शकतात का, असं विचारणारी सोळा वर्षांची मैत्रीण आहे. तिला कविता सांगणारी मुलगी काय उत्तर देते? तितकीच अज्ञानी असल्यामुळे पूर्ण खात्रीनं ‘हो’ म्हणते. इथं चेष्टा कवयित्रीनं स्वतःचीही केलेली आहे. संस्थेच्या बाहेर उभं राहून दगड मारणाऱ्या माणसाला हे सुचत नाही. ते आत वाढलेल्या माणसालाच दिसतं.

आता हे ऐकणं, निवडणं, मांडणं कुठून आलं? माझं वाचन असं की त्याचे दोन उगम आहेत आणि दोन्ही त्याच संस्थांमधले आहेत. एक कन्फेशन. कॅथलिक कन्फेशनमध्ये कुठलं पाप आणि किती वेळा, हे सरळ सांगायचं असतं. सबबी सांगायच्या नाहीत, सजवायचं नाही. दुसरा उगम इंग्रजीचा वर्ग. तिथं कविता वाचताना विचारायला शिकवतात : हे कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? स्वर कसला आहे? कवी आणि कवितेतला बोलणारा एकच आहे का? 1959 मध्ये एम. एल. रोझेनथाल या समीक्षकानं रॉबर्ट लोवेलच्या कवितांसाठी ‘कन्फेशनल’ हा शब्द वापरला आणि तेव्हापासून आत्मपर कवितेला ते लेबल चिकटलं. डिसूझांनाही ते लावलं जातं. पण मला त्यांच्या बाबतीत तो शब्द जुन्या अर्थानं जास्त लागू वाटतो. ‘बिक्वेस्ट’ बघा. कॅथलिक घराघरात रक्ताळलेलं हृदय हातात धरलेल्या ख्रिस्ताची तसबीर असते, ती लहानपणी किळसवाणी वाटायची, इथून कविता सुरू होते. तिथून ती स्वतःच्या हृदयाशी येते आणि ते एखाद्या जादा मूत्रपिंडासारखं दान करून टाकावं, जमल्यास शत्रूला, असं म्हणून थांबते. तसबीर नाकारली, पण कविता तिनंच पुरवली. शत्रूवर प्रेम करा ही शिकवण चिडून का होईना, पण शेवटच्या शब्दापर्यंत टिकून आहे.

म्हणून ‘ख्रिस्ती संस्थेतलं इंग्रजी माणसाला त्यांच्यासारखं करतं’ ही आत्याची भीती, आणि विश्वनाथन वाचून मला घाईघाईनं झालेलं आकलन, ही दोन्ही मला अपुरी वाटू लागली. संस्थेनं डिसूझांना आज्ञाधारक केलं नाही. पण त्यांनी उलट उत्तर दिलं ते संस्थेनं दिलेल्या भाषेत, संस्थेनं शिकवलेल्या शिस्तीत. आणि पुढे त्याच प्रकारच्या संस्थेत नोकरी करत त्यांनी तीच शिस्त पुढच्या मुलांना शिकवली.

त्या वर्गाबद्दलची कविता म्हणजे ‘माय स्टुडंट्स’. जेमतेम काही ओळींची. दारूवाला किंवा डिसूझा अशा आडनावाची माणसं कविता लिहितात याचं विद्यार्थ्यांना हसू येतं, एवढाच विषय. कविता म्हणजे कीट्सची परीभूमी, लेखिका म्हणजे मिस ऑस्टिन, आणि देहाबद्दल उघड लिहिण्याचा हक्क फक्त परदेशी पुरुषांना, अशी त्यांची समजूत. मी ही कविता पहिल्यांदा ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर वाचली आणि हसले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की यातली विद्यार्थिनी मी आहे.

दहावीपर्यंत मी सेमी-इंग्लिशला होते. अकरावीला मराठी सोडून आयटी घेतलं, कारण त्यात मार्क पडतात. त्यानंतर मी मराठी कविता वाचली ती फॉरवर्ड म्हणून आलेली. माझी इंग्रजीची आवड म्हणजे काय होती? परदेशी हवामान, परदेशी बागा, न पाहिलेली फुलं. नगरच्या माळीवाड्यात राहून मला डॅफोडिल्सबद्दल हळवं व्हायला येत होतं. एखाद्या दारूवालानं अहमदाबादबद्दल किंवा एखाद्या डिसूझाबाईनं पुण्याच्या कॉन्व्हेंटबद्दल लिहिलेलं समोर आलं असतं, तर मी ते ‘खरं इंग्रजी’ मानलं नसतं. विश्वनाथन ज्या मुखवट्याबद्दल बोलतात तो मला कोणी मिशनऱ्यानं चढवला नव्हता. तो मी सेमी-इंग्लिशच्या वर्गातच हौसेनं घातला होता.

मात्र या कवितेत एक गोष्ट खटकते. विद्यार्थी हसतात, कवयित्री त्यांना टिपते, आणि संपलं. त्यांनी हे कुठून उचललं? कीट्स आणि ऑस्टिन त्यांना कोणी दिले? इंग्रजी विभागानं. त्या विभागाची प्रमुख पुढे कोण झाली? स्वतः कवयित्री. ‘स्वीट सिक्स्टीन’मध्ये जी स्वतःला सोडत नाही, ती इथं स्वतःला सोडते असं मला वाटलं. हे उणं कवितेनं भरून काढलं नाही, पण त्यांच्या बाकीच्या कामानं काढलं. 1997 मध्ये त्यांनी नऊ भारतीय कवयित्रींचं संकलन केलं. 2005 मध्ये 1829 ते 1947 या काळातल्या भारतीय इंग्रजी कवितांचं आणलं. सत्तियनाथन कुटुंबाच्या लेखनाचंही संपादन केलं. ज्या यादीमुळे विद्यार्थी हसत होते, ती यादीच बदलायला त्यांनी घेतली. मला हे काम ‘बंड’ या शब्दापेक्षा मोठं वाटतं, कारण ते कंटाळवाणं असतं आणि त्याला टाळ्या पडत नाहीत. आमच्या कामात जुना, कोणी हात न लावलेला कोड दुरुस्त करणाऱ्यालाही टाळ्या पडत नाहीत.

सत्तियनाथन कुटुंबातल्या कृपाबाई आमच्या नगरच्या, हे मला या निमित्तानं कळलं. 1862 चा जन्म, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले आईवडील. मद्रासला मेडिकल कॉलेजात गेल्या, तब्येतीनं साथ दिली नाही म्हणून शिक्षण सुटलं. त्यांची ‘सगुणा’ ही आत्मचरित्रपर कादंबरी 1887-88 मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये क्रमशः आली. म्हणजे एका ख्रिस्ती कॉलेजच्या मासिकात, इंग्रजीत, नगरच्या एका मुलीनं मुलींना शिकू न देणाऱ्या जगाबद्दल लिहिलं. भावाबरोबर इंग्रजी पुस्तकं वाचणारी ती सगुणा मला कधीच कोणी दाखवली नाही, ना शाळेनं, ना शहरानं. डॅफोडिल्स मात्र दाखवले.

डिसूझांची जी कविता मी बहिणीला सगळ्यात आधी पाठवली ती ‘रिटर्न’. ती तुकारामाशी बोलते, ‘तुका’ अशी एकेरी हाक मारून आणि त्या सलगीबद्दल माफी मागून. तुकोबांचे शब्द तिला पहिल्यांदा ऐकायला मिळाले ते सगळे ज्याला वेडा समजत अशा एका फ्रेंच पाद्र्याकडून, वारीत चालून आलेल्या. मराठी वाचकाला इथं फादर दलरी आठवतील. ते फ्रेंच जेझुइट, विठ्ठल संप्रदायावर 1960 मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिणारे आणि तुकोबांना फ्रेंचमध्ये नेणारे. कवितेतला पाद्री तेच असोत वा नसोत, रस्ता बघण्यासारखा आहे. पुण्यात जन्मलेल्या मुलीला देहूच्या वाण्याचा पत्ता कॅथलिक धर्मगुरूकडून मिळतो. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले, असं आपल्याकडे नेहमी सांगतात. ही कविता त्याच पुलावरून उलट चालत येते. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग हा बाटला की ती?” मला अजून यापेक्षा चांगली समीक्षा करता आलेली नाही.

तरीही एका जागी माझं डिसूझांशी पटत नाही, आणि ते नगरची म्हणूनच पटत नाही. ‘डिसूझा प्रभू’ या कवितेत त्या म्हणतात की मी मुळात डिसूझा प्रभू असल्याचं खोदून काढणार नाही. धर्मांतर करूनही ब्राह्मण राहिलेल्या त्या पूर्वजाला दोन्ही जगांतलं चांगलं तेवढं मिळालं, याची त्या थट्टा करतात. नाव ग्रीक, आडनाव पोर्तुगीज, भाषा परकी, आणि आपलं नातं लंगड्या-पांगळ्यांशी, पराभूतांशी असल्याचं सांगतात. कविता धीट आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाल्याची जखम तिच्यात आहे आणि ती मला पूर्णपणे पटते. पण जातीचा हिशोब एका हसण्यात मिटतो. गोव्याच्या कॅथलिकांतली जात असो की नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांतली, तिथं ‘प्रभू’ सोडून देण्याची चैन सगळ्यांना नसते. आमच्या भागात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार-मांग समाजाचा होता. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण त्यातली. तिला आडनाव खोदून काढावं लागत नव्हतं, ते लोकच खोदून काढायचे. ज्याच्याकडे मूळ आहे त्यालाच ते नाकारण्याची ऐट परवडते. ‘फीडिंग द पूअर’मध्येही वाढणाऱ्या बाईचं ढोंग पूर्ण ऐकू येतं, रांगेतला एकही आवाज येत नाही. ‘कॅथलिक मदर’मधलं बायकोचं मौन कवितेनं हेतूनं दाखवलेलं आहे. रांगेतलं मौन मला तसं वाटत नाही. कन्फेशनची शिस्त स्वतःचं पाप सांगायला उत्तम आहे, पण त्या जाळीतून दुसऱ्याचं दुःख ऐकू येईलच असं नाही. ही त्या कवितेची मर्यादा मला वाटते, आणि त्या शिक्षणाचीही.

म्हणून बहिणीला मी शेवटी काय सांगितलं? जा म्हणाले. पप्पांना सांगितलं की पहिल्या वर्षाची फी मी भरते, प्लेसमेंटचं नंतर बघू. ते गप्प बसले. आमच्याकडे हाच होकार असतो. आत्यानं जाताना तिच्या पर्समध्ये दत्ताचा फोटो ठेवला. तिनं तो काढला नाही, असं कळतं.

पहिल्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच तिचा मेसेज आला की अभ्यासक्रमात कीट्स आहे, ऑस्टिन आहे, पण डिसूझा नाहीत. मी लिहिलं, मग विचार ना सरांना. तिनं उत्तर दिलं, “विचारलं. सगळा वर्ग हसला.” आणि खाली आणखी एक ओळ : सरांनी पुढच्या शुक्रवारी ‘माय स्टुडंट्स’ तिलाच वाचून दाखवायला सांगितलंय, तर डिसूझांची अजून काय काय पुस्तकं मिळतील ती पाठव. त्या रात्री मी ‘सगुणा’ही तिच्यासाठी मागवली. एक प्रत माझ्यासाठीही.